भागूबाईचा फोटो

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत एके काळी माणसं फोटो न काढताच मरायची. जिवंतपणी कुणाला त्याचं काही वाटत नसे. पुढं कधी तरी पोरगं नोकरीला लागे, घरावर स्लॅब पडे, पुढच्या खोलीला ऑइलपेंट लागे, आणि ती कोरी भिंत बघून घरच्यांना आई आठवे. मग कुणी तरी सांगे, "वारूळवाडीच्या सोपान मास्तराकडं जा. न पाहिलेल्या मानसाचा बी फोटो काढतो त्यो."

फोटो म्हणजे रंगवलेलं चित्र, पण तसं म्हणायची इकडं पद्धत नाही. भिंतीवर लावलं, हार घातला, की तो फोटोच.

मास्तरांची रीत ठरलेली होती. मेलेल्याचे जेवढे सख्खे असतील तेवढे समोर बसवायचे. थोरल्याचं कपाळ घ्यायचं, मधलीचं नाक, धाकट्याची हनुवटी. मग एकेक विचारत जायचं. डोळे खोल होते का? कान पातळ का जाड? हसली की गालाला काय व्हायचं? घरचे आधी भांडत, मग रडत, आणि शेवटी मास्तर म्हणतील त्याला हो म्हणत. चित्र घरी गेलं की वाक्य एकच, "हुबेहूब! अगदी आईच!" मास्तर मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, विसरलात लेको. ज्याला चेहरा खरंच आठवतो तो असं म्हणत नाही. तो खोट काढतो, भुवई जरा वर पाहिजे म्हणतो, नाहीतर काही न बोलता उठून बाहेर जातो. 'अगदी' म्हणणारा माणूस विसरलेला असतो, एवढं शास्त्र मास्तर धंद्यात शिकले होते, आणि त्या शास्त्राचा त्यांना थोडा गर्वही होता.

शाळेत ते चित्रकलेचे शिक्षक. चित्रकलेचा तास म्हणजे गावजेवण, कुणीही यावं आणि हात मारावा. गणिताचा धडा मागं पडला, घ्या चित्रकला. साहेब तपासणीला येणार, वर्ग झाडायचेत, घ्या चित्रकला. पण एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की मास्तरांना हुरूप यायचा. त्यातही स्मरणचित्राचा पेपर त्यांच्या खास आवडीचा. "डोळे मिटा," ते पोरांना सांगायचे. "विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाया आठवा. कुणाच्या कमरेवर हंडा आहे, कुणाच्या डोक्यावर? दिसत नाही तोवर पेन्सिलीला हात लावायचा नाही."

शाळेबाहेर दूध डेअरीच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, विहारातली बुद्धाची आणि बाबासाहेबांची चित्रं, आणि देवळांच्या सभामंडपातले दशावतारसुद्धा. त्यावरून भावकीतले लोक टोमणे मारत, "बाबासाहेबांनी सोडलेले देव मास्तर परत रंगवतोय." आणि देवळाचे पंच म्हणत, "मास्तर, गाभाऱ्यातलं काम आमी दुसऱ्याकडून करून घेतो, तुमाला कशाला तरास." मास्तर दोघांनाही हसून दाखवायचे. हसणं हा धंद्याचा भाग होता. त्या हसण्यामागं काय आहे ते विचारायला ना हे आले ना ते.

त्यांची आई बनाबाई निरगुडसरला राहायची. नवरा लवकर गेला, तेव्हापासून तिचं कपाळ मोकळं. धर्म बदलला तेव्हा घरातले देव पाटीत भरून नदीला नेऊन सोडले ते तिनंच, आणि परत येताना मागं वळून पाहिलं नाही म्हणतात. पण एक जुनी समजूत मात्र तिच्या मनातून गेली नाही. जित्या माणसाची छबी काढली की त्याचं आयुष्य घटतं, असं ती ठामपणे सांगायची. सोपान पुण्याहून चित्रकला शिकून आला आणि पेन्सिल घेऊन समोर बसला, की ही पदर तोंडावर ओढून घ्यायची. "मेल्यावर काढ," म्हणायची. "तवा मी हालायची बी न्हाई."

नव्वद सालच्या थंडीत ती गेली. फोटो एकही नाही. मास्तरांनी वारूळवाडीच्या घरात पुढच्या खोलीत, बुद्धाच्या चित्राशेजारची जागा ठरवून टाकली. मुलगा धम्मपाल लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेला, तेव्हा लहान होता. त्याला जागा दाखवून म्हणाले, "इथं आजी लावू." चांगला कॅनव्हास आणला, चौकटीवर ताणून बसवला. आणि नेमकं त्याच आठवड्यात मळ्यातलं काम आलं.

मळ्यातले म्हणजे राजुरीकडचे गेणभाऊ शेठ. द्राक्षाची बाग, दोन विहिरी, दारात जीप. बापाच्या फोटोला रोज हार पडायचा, पण आई भागूबाई तापानं गेली तेव्हा गेणभाऊ दहा-बारा वर्षांचा आणि बहीण लंकाबाई अंगावरचं दूध नुकतंच सुटलेली. ही लंकाबाई नवरा वारल्यावर भावाच्या घरी येऊन राहिली होती. गेणभाऊंच्या पोराचं लग्न ठरलं, आणि मांडवात आईबाप दोघं पाहिजेत असं तिनं भावाला धरून बसवलं.

मास्तरांनी बहीण-भावाला समोर बसवलं आणि तिथंच पंचाईत झाली.

"आई काळीसावळी व्हती," गेणभाऊ म्हणाले.

"न्हाई दादा, गोरी व्हती. सायीवानी," लंकाबाई म्हणाली.

"तुला काय ठावं? तू पाळण्यात व्हतीस."

"मला ठाव हाय," एवढंच ती म्हणाली आणि डोळ्याला पदर लावून बसली. तिला काहीही ठाऊक नव्हतं, आणि काही ठाऊक नाही हेच तिचं दुखणं होतं. ती आत गेली आणि ट्रंकेतून एक नथ घेऊन आली. "ही तिची हाय. एवढी तरी दावा." भागूबाई सवाष्ण गेली होती. नथ खरी, ठुशी खरी, हिरवं लुगडं खरं. मधला चेहरा तेवढा नव्हता.

मास्तर घरी आले. बहीण-भावाची तोंडं जुळवून पाहिली, पण त्यातून कुणी बाई तयार होईना. लग्न तोंडावर आलेलं. शेवटी पोरांना सांगायचे तसे ते स्वतःच डोळे मिटून बसले, आणि समोर आली ती बनाबाई. कशी नाही येणार? तिला जाऊन पुरता महिनाही झाला नव्हता. हनुवटी पुढं काढून, डोळे बारीक करून, काय रं एवढं बघतोस, असं विचारत असल्यासारखी. मास्तरांचा हात चालू झाला तो थांबेचना. असं काम त्यांनी आयुष्यात आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही त्यांच्या हातून झालं नाही. चेहरा पुरा झाल्यावर त्यांनी नथ घातली, ठुशी घातली, लुगडं हिरवं केलं. मोकळ्या कपाळावर कुंकू लावताना ब्रश जरा अडला. मग लावून टाकलं.

चित्र न्यायला जीप दारात आली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, या तर सासूबाई. हे देऊ नका. त्यांना दुसरं काढून द्या."

"वेडी आहेस का? लग्न परवावर आलंय. घरचं कुठं पळून जातंय? डोळे मिटले की आई समोर आहे. आठ दिवसांत दुसरं काढतो."

लोकांचं आधी आणि घरचं मग, हा पाट्या रंगवणाऱ्याचा धर्म. मास्तरांनी तो तिथंही पाळला. चूक म्हणाल तर एवढीच, पण एवढीच पुरली.

मळ्यात चित्र लावलं. गेणभाऊ लांबून बघून म्हणाले, "अगदी आई!" पै-पाहुण्यांनी री ओढली. लंकाबाई चित्राखाली बसली आणि चाळीस वर्षांचं तुंबलेलं रडू तिनं मोकळं केलं. "आये, आये," म्हणत होती. मास्तर दाराबाहेर ओट्यावर होते. तिथं त्यांना कोनाड्यातल्या वेगळ्या कपात चहा दिला होता. तो त्यांनी गार होऊ दिला.

आठ दिवसांनी कॅनव्हास पुढं घेऊन ते बसले, डोळे मिटले, आणि समोर आली ती नथ घातलेली. पुन्हा मिटले, पुन्हा तीच. आईला आठवायला जावं तर मळ्यातला फोटो आठवायचा. महिन्यानं, वर्षानं, मास्तर बसत राहिले आणि प्रत्येक वेळी भलतंच कुणी तरी कॅनव्हासवर उतरत राहिलं. बायको लांबून बघून म्हणायची, "नाही हो." ती खरं बोलणारी होती, कारण तिला सासू आठवत होती. पुढं तीही गेली. मग 'नाही हो' म्हणणारंही घरात कुणी उरलं नाही.

यावर मास्तरांनी एक तोड काढली. दरवर्षी पितृपंधरवड्याच्या आधी ते वार्निशची बाटली पिशवीत घालून मळ्यात जायचे. "शेठ, ऑइलकामाला वर्षातून एकदा हात फिरवावा लागतो, नाहीतर रंग तडकतो." अर्धी थाप होती. स्टुलावर चढायचे, हार काढायचे आणि आईच्या तोंडासमोर तोंड आणून मऊ फडक्यानं तिचे गाल पुसायचे. पंधरवड्यात तिच्यापुढं पान वाढलं जायचं. पुरण, भजी, खीर, आमटी. बनाबाईनं असल्या घरांच्या ओट्याखाली उभं राहून उभं आयुष्य भाकरीसाठी पदर पसरला होता. उंबऱ्याच्या आत काय असतं ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. आता घरची सून तिच्या पायाशी डोकं टेकवत होती. मास्तरांना त्याचा आनंद व्हायचा, आणि तो चांगला आनंद नव्हता. खा आये, पोटभर खा, असं ते मनात म्हणायचे आणि फडकं पिळायचे.

कुणाला सांगायची त्यांची छाती नव्हती. सांगितलं असतं तर त्याच दिवशी पान उचललं गेलं असतं.

मग दिवस पालटले. मास्तर निवृत्त झाले. निरोपाला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि त्यांच्याच हातानं आदल्या दिवशी लिहिलेल्या फळ्यावरच्या 'हार्दिक शुभेच्छा' मिळाल्या. नारायणगावात फ्लेक्सची मशीन आली आणि पाट्या रंगवणारे बघता बघता बेकार झाले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहिलं. हात कापायला लागला. गेणभाऊ वारले. त्यांच्या सुभाषनं, ज्याच्या लग्नासाठी तो फोटो काढला होता त्यानं, जुनं घर पाडून बंगला बांधला.

मास्तर वार्निश घेऊन गेले तर ओटाच नव्हता. त्यांना थेट हॉलमध्ये सोफ्यावर बसवलं. सुभाषची बायको रुपाली फुलाफुलांच्या कपात चहा घेऊन आली. सगळ्यांच्याच हातात तसले कप होते. मास्तरांनी भिंतींवर नजर फिरवली.

"फोटो कुठं गेला?"

"आजींना देवघरात बसवलंय सर. संगमरवरी केलंय ना देवघर." रुपाली हसून म्हणाली. "आणि आता काच बसवली, त्यामुळं वार्निशची गरज नाही. तुम्ही बसा ना. देवघरात आम्ही घरच्यांशिवाय कुणाला सोडत नाही, लंकाआत्यांना चालत नाही."

कप बदलला होता, उंबरा फक्त चार पावलं आत सरकला होता. सोफ्याच्या टोकाला सरकून बसलं तर अर्धवट उघड्या दारातून चौकटीचा खालचा कोपरा आणि हिरव्या लुगड्याचा काठ दिसायचा. मास्तर सरकून बसले. दुसऱ्या वर्षीही तसेच बसले. आणि त्या वर्षी घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आईची हनुवटी आता आठवते, पण डोळे आठवत नाहीत. भीतीनं त्यांना जेवण गेलं नाही. मळ्यातला चेहरा होता म्हणून आई होती. तोही पुसला गेला तर बनाबाई नावाची बाई या जगात कधी होती, याला पुरावा काय?

तिसऱ्या वर्षी त्यांनी सुभाष शेठपुढं विषय काढला. "महिनाभर तो फोटो मला दे. नक्कल काढतो आणि आणून लावतो. तुझ्या वडलांचे माझे संबंध होते."

"सर, देवघरातला फोटो हालवत न्हाईत," सुभाष म्हणाला. बोलण्यात नम्रपणा होता, तो हल्ली सगळ्यांना जमतो. "आन आमच्या आजीची नक्कल तुमाला कशापायी हवीय?"

प्रश्न साधा होता. सतरा वर्षं पोटात धरलेलं उत्तर मास्तरांच्या तोंडून निसटलं.

"कारण ती तुझी आजी नाही. माझी आई आहे."

सुभाष हसला. त्याला वाटलं म्हातारा चळला. मग मास्तरांचा आवाज चढला. "तुझ्या आजीचं तोंड तुझ्या बापाला आठवत नव्हतं, आत्याला आठवत नव्हतं. मी कुठून आणू? माझी आई नुकती गेली होती, हात तिच्यावर गेला. नथ तुमची, लुगडं तुमचं. चेहरा बनाबाईचा. निरगुडसरच्या बनाबाईला हार घालताय तुम्ही इतकी वर्षं!"

कुणी आरडाओरडा केला नाही. रुपालीनं उघड्या दारातून आत पाहिलं, मग मास्तरांच्या तोंडाकडं पाहिलं, परत आत पाहिलं. "हनुवटी," ती हळूच म्हणाली. पुढं कसलाच पुरावा लागला नाही. इतकी वर्षं दोन्ही हनुवट्या दरवर्षी समोरासमोर येत होत्या, पण मास्तराच्या तोंडाकडं निरखून बघायची कुणाला गरज पडली नव्हती.

लंकाबाई काठी टेकत आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"म्हंजी... तुमच्यातली?"

"आमच्यातली," मास्तर म्हणाले.

तिनं काठीवरचे दोन्ही हात घट्ट केले. सुभाष म्हणाला, "सर, मी असलं काय मानत न्हाई. आमच्या बागंवर समद्या जातीची मानसं हायेत, तुमी बघताच. पन देवघर हाय. बायामानसांचं मन असतं. घरात कार्य हायेत उद्या. तुमी घेऊनच जावा ती."

"दे मग."

पण द्यायला कुणी उठेना. सुभाषनं रुपालीकडं पाहिलं, रुपालीनं फरशीकडं. मग तिनं देवघराचं दार सताड उघडलं आणि बाजूला झाली. "तुम्हीच घ्या ना सर उतरवून."

अशा रीतीनं सोपान मास्तर त्या देवघरात गेले. सकाळपर्यंत त्यांच्या पावलानं ते बाटणार होतं. आता त्यांच्याशिवाय ते बाटलेलं धुऊन निघणार नव्हतं. संगमरवर पायांना गार लागला. काचेमागून आई बारीक डोळ्यांनी बघत होती. त्यांनी हार काढला, तो कुठं ठेवावा ते समजेना, म्हणून स्वतःच्याच खांद्यावर टाकला आणि फोटो खिळ्यावरून उचलला.

ते पोर्चपर्यंत आले तोच मागून सुभाषचा आवाज आला. "सर, चौकट तेवढी राहू द्या. सागाची हाय. देवघरासंगंच करून घेतली." त्यानं पक्कड आणून जवळ ठेवली, हातात दिली नाही. मास्तर पायरीवर बसून मागचे खिळे उपटत राहिले. विटाळ कापडाला होतो, सागाला होत नाही आणि काचेलाही होत नाही, हे त्यांना त्या दिवशी नव्यानं कळलं. इतकं बारीक शास्त्र जुन्या लोकांकडंही नसेल.

सगळं उरकून ते उठले तेव्हा लंकाबाई दारात उभी होती. ती रागावेल, शिव्या देईल, अशी त्यांची तयारी होती. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मास्तर," ती म्हणाली, "रोज सकाळी समदं हिलाच सांगत व्हते मी. मंग माजी आई कुटं हाय?"

मास्तरांनी खांद्यावरचा हार काढून पायरीवर ठेवला.

"सांगा की. तुमी तर समद्यांच्या आया काढल्या."

चित्र छातीशी धरून ते फाटकाबाहेर पडले. वडापच्या जीपमध्ये शेजारच्या माणसानं विचारलं, "कुनाचा फोटो हाय, पावणं?" तेव्हा त्यांनी कॅनव्हास उलटा करून मांडीवर ठेवला.

घरी धम्मपाल सुट्टीवर होता. चाकणला कंपनीत होता, नुकतं लग्न झालेलं. त्यानं सगळी हकीकत ऐकली आणि कपाळावर हात मारला. "अण्णा, हात दाखवून अवलक्षण! आता तालुकाभर बोंब होईल. तुम्ही काढलेले सगळे फोटो लोक उतरवून तपासतील." मग तो चित्रासमोर आला.

"ही आपली आजी?"

"हो."

"नथ? ठुशी? आणि एवढं मोठं कुंकू? अण्णा, जिनं देव नदीत सोडले ती ही? ही तर सत्यनारायणाला बसलेली दिसते." तो वाईट बोलत नव्हता, खरं तेच बोलत होता. "बुद्धाच्या शेजारी हे मी लावणार नाही. माझ्या मित्रांनी विचारलं तर काय सांगू? शेठच्या घरातून आणलेली आहे म्हणून?"

"दागिने काढतो मी," मास्तर म्हणाले. "चेहरा तिचाच आहे. दागिने तेवढे काढायचेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खिडकीपाशी बसले. इतक्या वर्षांचा वाळलेला रंग टर्पेंटाइननं हलत नाही, त्यावर दुसरा रंगच चढवावा लागतो, हे त्यांना माहीत होतं. आधी कुंकू झाकलं. आईचा रंग घोटायला ते कधी चुकले नसते, पण आता ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं पाहिलं की तो रंग निळसर दिसायचा आणि दुसऱ्यानं पाहिलं की पिवळा. कपाळावर एक ठिगळ उमटलं. ते मिळवून घ्यायला पूर्ण कपाळ रंगवावं लागलं. कपाळ नवं झालं तशा भुवया जुन्या दिसायला लागल्या. मग नथ झाकली, आणि तिथं हात थांबला. नथीखाली नाकपुडी कशी होती? तिथं त्यांनी कधी नाक काढलंच नव्हतं, थेट मोती काढले होते. त्यांनी डोळे मिटले. दिसत नाही तोवर हात लावायचा नाही. ते खूप वेळ डोळे मिटून बसले. काही दिसलं नाही.

आणि त्यांनी हात लावला. अंदाजानं नाक काढलं. नाक बदललं म्हणून ओठ हलवावे लागले, ओठ हलले म्हणून गाल. हात कापत होता, त्याची रेघ झाकायला पुन्हा रंग, त्या रंगाला मिळतं करायला पुन्हा रंग. तिसऱ्या दिवशी डोळ्यांच्या कडा दुरुस्त केल्या आणि ते बारीक डोळ्यांचं बघणं, काय रं एवढं बघतोस ते, निघून गेलं. कधी गेलं ते मास्तरांना समजलंही नाही. आठवडा संपला तेव्हा कॅनव्हासवर पांढऱ्या लुगड्यातली, मोकळ्या कपाळाची, शांत चेहऱ्याची एक म्हातारी बसली होती. कुणाच्याही घरात शोभली असती.

सून स्वप्ना पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं चित्र जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. चांगली पोरगी होती. सासऱ्याला बरं वाटावं असं तिला मनापासून वाटत होतं.

"किती छान झालंय हो अण्णा! अशाच होत्या का आजी?"

मास्तरांनी ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात उभा केला. एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा झाकून पाहिलं. खोट काढायला त्यांनी तोंड उघडलं, पण खोट कुठं आहे ते त्यांना सांगता येईना.

"अगदी अशीच," ते म्हणाले. "हुबेहूब. अगदी आईच."

आपण काय बोललो ते त्यांच्या कानांवर पडलं आणि ते तसेच स्टुलावर बसून राहिले. आत धम्मपाल हातोडी शोधत होता. खिळा कुठं ठोकायचा ते त्याला लहानपणापासून माहीत होतं.